बातमीचा खर्च कोणी भागवला?

१/ २७ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात ‘रॉकी माउंटन न्यूज’ या दैनिकाचा अखेरचा अंक निघाला. दीडशे वर्षे पूर्ण होण्यास दोन महिनेही उरले नव्हते. छापील वृत्तपत्र मावळत असताना त्याचा ऑनलाइन व्यवसाय नफ्यात राहू शकतो का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर एकोणिसाव्या शतकापासून सुरुवात करावी लागते. #थ्रेड

२/ त्या शतकाच्या आरंभी वृत्तपत्र ही मूठभरांनाच परवडणारी वस्तू होती. न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठित दैनिकांचा अंक ६ सेंटला पडे. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले ‘दर्पण’ही मर्यादित वर्गणीदारांच्या आधारावर उभे होते. ते १८४० मध्ये बंद पडले. खप लहान आणि किंमत मोठी, असा हा व्यवहार होता.

३/ ३ सप्टेंबर १८३३ रोजी बेंजामिन डे या मुद्रकाने न्यूयॉर्कमध्ये ‘द सन’ काढले. किंमत अवघी १ सेंट! पोरे रस्तोरस्ती ओरडून अंक विकू लागली. डे यांचे गणित सरळ होते. अंक स्वस्तात विकून वाचक जमवायचे आणि त्या वाचकसंख्येच्या बळावर जाहिरातदाराकडून पैसे घ्यायचे.

४/ पॅरिसमध्ये एमिल द जिरार्दँ यांनी १८३६ मध्ये हीच वाट धरली. इतर दैनिकांची वार्षिक वर्गणी ८० फ्रँक असताना त्यांनी ‘ला प्रेस’ची वर्गणी ४० फ्रँक ठेवली. तूट जाहिरातींनी भरून काढायची होती. वाचक टिकावा म्हणून त्यांनी बाल्झाकची कादंबरी क्रमशः छापली. वाचकाला बांधून ठेवण्याचे काम केवळ बातमीने होत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

५/ येथून वृत्तपत्र म्हणजे एक गाठोडे झाले. त्यात राजकारण, बाजारभाव, खेळ, नाटकांच्या जाहिराती, ‘नोकर पाहिजे’ आणि ‘घर भाड्याने देणे आहे’ असे सारेच एकत्र बांधलेले असे. कोणी केवळ नोकरीची जाहिरात पाहण्यासाठी अंक घेई. पण त्या जाहिरातीच्या पैशातून न्यायालयात दिवसभर बसणाऱ्या वार्ताहराचा पगार निघे.

६/ या गाठोड्याला भक्कम तटबंदी होती. छपाईयंत्र महाग, कागद महाग आणि पहाटे घरोघरी अंक पोहोचवणारी यंत्रणा त्याहून अवघड. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक अमेरिकी शहरांत एकच दैनिक उरले. स्थानिक दुकानदाराला जाहिरातीसाठी दुसरे दार फारसे नव्हते. २००५ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांचे जाहिरात उत्पन्न सुमारे ४९ अब्ज डॉलर होते.

७/ मात्र तटबंदीला खिंडार आधीच पडले होते. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क यांनी परिचितांसाठी ईमेलवर एक यादी सुरू केली. तीच पुढे ‘क्रेगलिस्ट’ झाली. तेथे बहुतेक छोट्या जाहिराती फुकट होत्या. एका अभ्यासानुसार २००० ते २००७ या काळात जाहिरात देणाऱ्यांचे त्यामुळे सुमारे ५ अब्ज डॉलर वाचले. तेवढेच वृत्तपत्रांच्या गल्ल्यातून गेले.

८/ ‘छपाईचा खर्च वाचेल, मग ऑनलाइन नफा अधिकच होईल,’ असा युक्तिवाद तेव्हा होत असे. त्यात एक बाब निसटत होती. छापील पानावरील जागा मोजकी असते, म्हणून ती महाग विकता येते. इंटरनेटवरील जागेला अंत नाही, म्हणून तिचा भाव कोसळतो. त्यातही मोठा वाटा गूगल आणि फेसबुककडे गेला. कागद वाचला तरी वार्ताहराचा पगार तेवढाच राहिला.

९/ याची झळ मोठ्या घराण्यांनाही लागली. २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मेक्सिकोचे उद्योगपती कार्लोस स्लिम यांच्याकडून २५ कोटी डॉलरचे कर्ज घेतले. व्याजदर होता १४ टक्के! त्याच वर्षी मुख्यालयाच्या इमारतीतील आपला मोठा हिस्सा विकून तीच जागा कंपनीने भाड्याने घेतली.

१०/ मार्च २०११ मध्ये ‘टाइम्स’ने पेवॉल उभारली. महिन्याला २० लेख मोफत, पुढे वर्गणी. फुकट वाचणारा पैसे कशाला देईल, अशी शंका अनेकांना होती. पण २०१२ मध्ये वाचकांकडून येणारे उत्पन्न जाहिरातींच्या पुढे गेले. २०२० मध्ये डिजिटल उत्पन्नाने एका तिमाहीत छापील उत्पन्नाला प्रथमच मागे टाकले. २०२३ मध्ये वर्गणीदार १ कोटींवर पोहोचले. त्यांत छापील अंकाचे ७ लाखांहूनही कमी.

११/ मात्र हे यश केवळ बातमीचे नव्हे. पाककृती, खरेदीचे सल्ले, क्रीडावार्ता आणि २०२२ मध्ये विकत घेतलेले ‘वर्डल’ हे सारे त्या वर्गणीला हातभार लावते. १९२० च्या दशकात शब्दकोड्यांची टर उडवणाऱ्या या दैनिकाने १९४२ मध्ये स्वतःचे कोडे सुरू केले होते. आज खेळ हा त्याच्या व्यवसायाचा एक खांब आहे. सुटलेले गाठोडे त्याने नव्याने बांधले.

१२/ ब्रिटनच्या ‘इंडिपेंडंट’ने दुसरा मार्ग निवडला. मार्च २०१६ मध्ये छपाई पूर्ण थांबवली. खर्च घटला आणि ताळेबंद नफ्यात आला. पण संशोधकांनी मोजले तेव्हा त्याच्या ब्रिटिश वाचकांनी त्यावर घालवलेला एकूण वेळ ८१ टक्क्यांनी घटलेला दिसला. नफा आला, परंतु सकाळच्या चहाबरोबर अर्धा तास वाचणारा वाचक संकेतस्थळावर आला नाही.

१३/ खरी हानी लहान शहरांची झाली. इंग्रजीत जगभर वर्गणीदार शोधणे ‘टाइम्स’ला शक्य आहे, पन्नास हजार वस्तीच्या गावातील दैनिकाला नाही. २००५ पासून अमेरिकेतील एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे नाहीशी झाली. त्या गावांत नगरपरिषदेची सभा आजही भरते, ठराव होतात, कंत्राटे दिली जातात. पत्रकारांच्या बाकावर मात्र कोणी नसते.

१४/ तेव्हा ऑनलाइन व्यवसाय नफ्यात राहू शकतो, पण तो सर्वांना पेलत नाही. भारतातही अंकाची किंमत निर्मितीखर्चाहून कमी असते आणि महिनाअखेरीस त्यातले थोडे पैसे रद्दीवाला परत देतो; उरलेला भार जाहिरातदार उचलतो. तो उद्या निघून गेला तर तालुक्याच्या वार्ताहराचा पगार कोण देणार, हा प्रश्न डेन्व्हरइतकाच येथेही खरा आहे.

#इतिहास #वृत्तपत्रे