हफमनचे कुरण

अमेरिकेच्या ग्रामीण भागात मक्याच्या शेताकडेने गवताची एखादी लांबट पट्टी कापून ठेवलेली दिसते. टोकाशी वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी शंकू, बाजूला पत्र्याची शेड. अल्ट्रालाइट ऊर्फ मायक्रोलाइट या अतिहलक्या विमानांची ही खाजगी धावपट्टी. हा कुणा हौशी शेतकऱ्याचा अलीकडचा छंद आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र तिची वंशावळ १९०४पासून मांडू इच्छितो.

पहिल्या उड्डाणाचे स्थळ विचारले की आमचे विद्यार्थी किटी हॉक सांगतात. उत्तर बरोबर, पण अपुरे. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्या वाळूवरचे राइट बंधूंचे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे होते. वळणे, फेरी मारून परतणे, ही खरी विद्या ते शिकले ओहायोतील डेटन शहराबाहेर, टॉरेन्स हफमन या बँकरच्या ८४ एकरांच्या कुरणात. मालकाने भाडे घेतले नाही. अट एकच : उडण्यापूर्वी गायी-घोडे बाहेर काढावेत. जमीन उंचसखल, वारा मंद. म्हणून सप्टेंबर १९०४मध्ये मनोऱ्यावरून वजन खाली सोडून यान पुढे खेचण्याची युक्ती त्यांनी योजली आणि २० तारखेस यानाने प्रथमच पूर्ण वर्तुळ घेतले.

ते पाहून लिहून ठेवले एमॉस रूट यांनी. हे गृहस्थ मधमाश्यापालनाच्या साहित्याचे व्यापारी. त्यांचा वृत्तान्त १ जानेवारी १९०५ रोजी प्रसिद्ध झाला तोही त्यांच्याच मधमाश्यापालनविषयक नियतकालिकात! ५ ऑक्टोबर १९०५ रोजी याच कुरणावर यान ३९ मिनिटांत २४ मैल उडाले, तरी जानेवारी १९०६मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' राइटांच्या पराक्रमांवर अविश्वासच दाखवत होते. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५च्या कथित उड्डाणावर आजही हिरिरीने बोलले जाते. पण त्या कथेला असा एखादा रूट लाभल्याचा पुरावा नाही. साक्षीदाराचा कागद नसला की इतिहासाचे काय होते, हे साहित्याच्या अभ्यासकांस वेगळे सांगायला नको.

पुढे विमाने जड झाली, त्यांना काँक्रीट लागू लागले, आणि कुरण मागे पडले. १९७५मध्ये विस्कॉन्सिनमधील जॉन मूडी यांनी हँगग्लायडरला छोटे इंजिन जोडले आणि गोठलेल्या तलावावरून ते आकाशात नेले. १९८२मध्ये या यानांसाठी स्वतंत्र नियम आला : आसन एक, रिकाम्या यानाचे वजन २५४ पौंडांहून कमी, इंधन पाच गॅलनपर्यंत. वैमानिकाचा परवाना नको, यानाची नोंदणी नको. मात्र दाट वस्तीवरून उडण्यास मनाई. म्हणजे कायद्यानेच या यानांना पुन्हा शेतांकडे धाडले. संथ वेगामुळे त्यांना थोडे अंतर धावणे पुरते. गवत वेळेवर कापलेले असावे, एवढेच. पाऊस झाला की धावपट्टी आपोआप बंद.

हफमनचे कुरण आज राइट-पॅटरसन या हवाईदलाच्या तळाच्या हद्दीत आहे. तेथे १९०५च्या शेडची आणि त्या मनोऱ्याची प्रतिकृती उभी आहे. भोवती गवत आहे. पलीकडे लष्करी विमानांच्या काँक्रीटच्या धावपट्ट्या.