क्लचच्या तारेतली ढील

जुनी काळी सायकल आठवा. ब्रेक दाबला की लोखंडी सळ्या ओढल्या जात आणि चाकाच्या कडीवर रबर टेके. सळी सरळ चालते. वळण आले की तिला सांधा लागतो, आणि सांधा आला की खडखड आलीच. सांध्यांची ही कटकट टाळणारी युक्ती काढली ती अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन या आयरिश गृहस्थाने. तिचे पेटंट १८९६ सालचे. (रॅले सायकलवाले फ्रँक बोडन ते निराळे. आडनाव एक, म्हणून पुष्कळांची गल्लत होते.)

बोडनची खरी करामत तारेत नाही, तारेवरच्या वेटोळ्यात आहे. आतली तार ओढली जाते तेव्हा बाहेरचे पोलादी वेटोळे तितक्याच जोराने दाबले जाते. त्याच्या दोन्ही टोकांना पक्का आधार दिला, की तार कशीही वळवा, ओढ पोचते. शिक्षकबंधूंनी सायकलची एखादी जुनी केबल वर्गात न्यावी. न्यूटनचा तिसरा नियम तिथे फळ्यापेक्षा लवकर पटतो.

पुढे ही तार मोटारीत शिरली. फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचेच पाहा ना. इंजिन पाठीमागे, चालकाचा पाय पुढे! मधले सारे अंतर गाडीच्या पोटातून जाणारी क्लचची तार तोडते. गिअरपेटीपाशी तिच्यावर बोडनचे लवचीक कवच असते, कारण रबरावर बसवलेले इंजिन हलणारच. या कवचाला मुद्दाम थोडा बाक ठेवतात. ते ताठ झाले तर गाडी निघताना हिसके देते.

आता ढिलीचे. क्लचचे पेडल हाताने दाबून पाहा. आधी हलके जाते, मग जड लागते. या हलक्या अंतराला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात. बीटलमध्ये तो १० ते २० मिलिमीटर हवा. पुष्कळांना वाटते, तार जुनी झाली, लांबली, आवळा तिला! तार थोडी लांबते हे खरे. पण जास्त झिजते ती क्लचची चकती, आणि तिचा हिशेब उलटा आहे. चकती पातळ झाली की दाबपट्टी फ्लायव्हीलकडे सरकते, तरफांची टोके बेअरिंगकडे येतात, आणि प्ले वाढण्याऐवजी घटतो. तो पार संपला, की पाय काढला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच. चढावर इंजिन ओरडते, गाडी ओढत नाही, जळका वास येतो. अशा वेळी नट आवळणे म्हणजे उरलीसुरली चकती जाळणे. तो सैल करायचा असतो. याउलट प्ले फार वाढला, तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर टाकताना खर्रकन आवाज होतो. आवळायचे ते तेव्हा.

बीटलचा हा नट गाडीखाली, गिअरपेटीच्या डाव्या अंगाला असतो. नंतरच्या गाड्यांत तो दोन कानांचा, हाताने फिरवता येणारा केला. खाली शिरण्यापूर्वी चाकांना धोंडे लावा. नट थोडा फिरवा, पेडल चार-पाच वेळा दाबा, पुन्हा पट्टीने मोजा. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल तयार झाली. तिचाही क्लच तारेचाच होता.