खुंटीची उंची

अक्कल खुंटीला टांगली, असे आपण म्हणतो तेव्हा एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. खुंटी उंचावर असते आणि तिच्यावर गेलेली वस्तू सहजासहजी हाताशी येत नाही. पण कोणाच्या हाताशी? लहान मुलाच्या खोलीत कपडे टांगण्यासाठी एक लाकडी स्टँड करून घ्यावा, एवढ्या साध्या विचाराने सुतारापाशी गेलेल्यालाही हा प्रश्न टाळता येत नाही, आणि नागपूरच्या महालात तर त्याला इतिहासही आहे.

महाल ही भोसल्यांची वस्ती. काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकूडकामाने नटलेला त्यांचा राजवाडा १८६४ साली आगीत गेला, नगारखाना तेवढा उरला. पण लाकडाची ती संस्कृती आसपासच्या वाड्यांतून पुढे बराच काळ नांदली. सागवानी खांब, तुळया, कडीपाट. घराचे माप खणांत सांगायचे. भिंत चढवतानाच तिच्यात खुंट्या बसवीत, नाहीतर फळीवर खुंट्या ठोकून खुंटाळे करीत. पगडी आणि अंगरखा उतरवून ठेवणाऱ्या पुरुषाचा हात जिथे पोचेल, तिथे खुंटी. बायकांची लुगडी घडी होऊन पेटीत जात किंवा दांडीवर पडत. ब्राह्मण घरांतली सोवळ्याची दांडी तर आणखी वर असे. ओले वस्त्र काठीने तिच्यावर चढवायचे आणि काठीनेच उतरवायचे. ही उंची सोयीची नव्हती, ती मुद्दाम राखलेली होती. कोणाचा हात लागू नये, हे त्या उंचीने ठरत होते. ज्या सुताराने दांडी तासून दिली, त्याचाही हात तिच्यावरच्या वस्त्राला चालत नसे. आणि घरात सर्वांत ओवळे कोण, तर मूल!

वाड्यात देवघर होते, माजघर होते, कोठीची खोली होती, बाळंतिणीचीही खोली होती. मुलाची खोली मात्र नव्हती. मूल एका खोलीत जन्मे आणि मग साऱ्या घरात पसरे. सुतार त्याच्या मापाने काय घडवी? पाळणा, पांगुळगाडा आणि विदर्भात तिसरी वस्तू म्हणजे लाकडी नंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मारबतीच्याच दिवशी, मुले आपापला बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा घेतात. हा तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला, अशी नागपूरची परंपरा सांगते. एरवी मोठ्यांच्या जगात लुडबुडणाऱ्या मुलाला एका दिवसापुरती स्वतःच्या मालकीची लाकडी वस्तू मिळते, हे आम्हांला लक्षणीय वाटते. उरलेले वर्ष तो बैल कोपऱ्यात उभा असतो, आणि त्याच्या शिंगांना मुलाची टोपी, कधी दप्तर, कधी ओला सदराही लटकतो. महालातल्या मुलाचा पहिला कपड्यांचा स्टँड बहुधा हाच असावा. कोणी तो त्यासाठी केला नव्हता, पण उंची बरोबर होती.

ही उंची जाणीवपूर्वक ठरवण्याचा विचार आपल्याकडे बालशिक्षणातून आला. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले, तेव्हा टेबल, खुर्ची, कपाट सारेच मुलाला उचलता-उघडता येईल असे केले. मराठीत हा विचार रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा करण्यात पुढाकार घेतला आणि १९४५ पासून बोर्डीला गरीब मुलांसाठी काम करताना महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. आपला सदरा आपण काढून घालणे हेही शिक्षणच आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांपेक्षा बालवाडीने आधी ओळखली. (साहित्याच्या अभ्यासकांनी याकडे फारसे पाहिलेले नाही. असो.)

आता प्रत्यक्ष कामाकडे. पाच वर्षांचे मूल साडेतीन फुटांच्या आसपास असते, म्हणून दांडी तीन फुटांवर पुरे. इथे खुंट्या नकोत. मोठ्याच्या डोक्यावरून जाणारी खुंटी मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत येते. दांडी गोल असावी आणि तिची टोके बाजूच्या पायांत बुजवून टाकावीत. दोन्ही बाजूंना दोन-दोन पाय, वर जुळलेले, खाली सव्वा ते दीड फूट फाकलेले. मूल लोंबकळणार हे धरूनच चालावे. तळाशी जोड्यांसाठी जाड फळी घातली की वजन खाली राहते आणि स्टँड सहसा कलंडत नाही. तरीही वरून एक पट्टी भिंतीला पक्की करावी. सांधे नुसत्या खिळ्यांवर सोडू नयेत. नागपूरच्या मे महिन्यात लाकूड आकसते, श्रावणात फुगते आणि खिळा सैल होतो. भोकात घट्ट बसवलेले टोक आणि त्यात मारलेली पाचर दोन्ही ऋतू सोसते. पायांना तीन-तीन इंचांवर भोके ठेवली तर मुलाबरोबर दांडीही वर सरकवता येते.

लाकूड सागाचेच हवे असे नाही. पण महालातला एखादा वाडा उतरतो तेव्हा त्याची तुळई विकत मिळते, आणि शंभर वर्षे वाळलेल्या त्या सागाला आता वाकण्याचे कारण उरलेले नसते. मात्र रंधा लावण्यापूर्वी तिच्यातले जुने खिळे एकेक शोधून काढावे लागतात, नाहीतर पाते जाते.