अंकाचे अक्षर

रोख्यावर रक्कम आकड्यांत मांडून खाली ‘अक्षरी’ लिहिण्याची आपली रीत जुनी आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे १८ वे कलमही, दोहोंत विसंगती आढळल्यास अक्षरी रक्कमच ग्राह्य धरते. आकड्यास एखादे शून्य सहज चिकटते. शब्दास चिकटत नाही.

आपल्या ज्योतिर्विदांनी तर संख्येचेच शब्द केले. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष रस, गुण, पूर्ण व मही या चार शब्दांत गुंफले आहे. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. अंकांची गती डावीकडे, म्हणून शके १०३६, अर्थात इ. स. १११४. संकेत ठाऊक असेल त्यासच ते वर्ष सापडते.

संगणकाचा व्यवहारही अशाच संकेतावर चालतो. त्यास अक्षर कळत नाही, केवळ संख्या कळते. म्हणून प्रत्येक अक्षरास क्रमांक द्यावा लागतो. युनिकोड या जागतिक संहितेत देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे. पाच हे मूल्य ‘५’ असे उमटावयाचे, तर २४०६ मध्ये पाच मिळवून २४११ हा क्रमांक घ्यावा लागतो. उलट, लिहिलेल्या ‘५’ चा हिशेब करावयाचा, तर आधी २४०६ वजा केले पाहिजेत. नाहीतर पाच रुपयांचे दोन हजार चारशे अकरा व्हावयाचे!

१९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने ब्राह्मीच्या लेकी असलेल्या लिपींना एकच क्रमांकमाला दिली होती. त्यात ‘क’ म्हणजे १७९. तो देवनागरीत उमटावा की कानडीत, हे लिपीची खूण ठरवी. युनिकोडने लिपींची घरे वेगळी केली, परंतु इस्कीच्या आधीच्या आवृत्तीचीच मांडणी राखली. देवनागरी ‘क’ २३२५, कानडी ‘क’ ३२२१; अंतर ८९६. पाचाच्या आकड्यांतही तेच अंतर, आणि बहुतेक अक्षरांतही तेच.

बेळगाव-निपाणीकडे ज्या दोन लिपींवरून पिढ्या भांडल्या, त्यांच्यामध्ये गणिताच्या दृष्टीने एवढीच एक बेरीज आहे; कारण वर्णमालेचा क्रम मुळात एक. कोंकणी तर गोव्यात देवनागरीत आणि मंगळुराकडे कानडीत लिहिली जाते. तिकडील एखाद्या देवस्थानची कानडी लिपीतील कोंकणी वही इकडच्या वाचकास देवनागरीत मिळणे आता दुर्घट नाही. किरकोळ दुरुस्ती तेवढी हाताने करावी लागेल. मात्र त्या वहीचे नुसते छायाचित्र काढून भागणार नाही. ती कोणीतरी अक्षरशः उतरवून घेतली पाहिजे, आणि तेही कागद शाबूत आहे तोवर.