रक्तवाहिनी ग्राफ्ट : परीक्षण

निकामी रक्तवाहिनीच्या जागी बसवायची नळी म्हणजे रक्तवाहिनी ग्राफ्ट. रुंद वाहिन्यांसाठी डेक्रॉन किंवा टेफ्लॉनच्या नळ्या वर्षानुवर्षे टिकतात; ६ मिलिमीटरहून बारीक नळीत मात्र रक्त गोठते. म्हणून बायपाससाठी, किंवा मधुमेहात रक्तपुरवठा खुंटलेल्या पायासाठी, रुग्णाच्याच पायातली शीर काढून लावतात. ती आधीच वापरलेली वा खराब असेल, तर पुढचे पर्याय फार तोकडे पडतात. जैव ग्राफ्टची गरज खरी इथे आहे.

ते करण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एकीत प्राण्याची वा माणसाची ऊती डिटर्जंटने धुऊन पेशी काढतात आणि कोलॅजनचा सांगाडा ठेवतात. दुसरीत शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाची नळी करून तिच्यावर पेशी वाढवतात. तंजावरच्या शास्त्र अभिमत विद्यापीठातील स्वामीनाथन सेतुरामन यांच्या गटाने दुसरी वाट धरली. पीएलए-पीसीएल या बहुवारिकांच्या नॅनोतंतूंपासून त्यांनी बारीक व्यासाच्या नळ्या केल्या. २०१४ च्या सुमारास ते काम प्रसिद्ध झाले. तंतू नळीच्या लांबीला समांतर ठेवले होते, कारण धमनीतल्या अस्तरपेशीही प्रवाहाच्याच दिशेने लांबट पसरतात.

ग्राफ्ट तयार झाल्यावर चाचण्या सुरू होतात. धुतलेल्या ऊतीत कोरड्या वजनाच्या दर मिलिग्रॅममागे ५० नॅनोग्रॅमहून कमी डीएनए उरावा, असा संकेत आहे. जास्त उरल्यास शरीर ती परकी मानून झुंज देते. पुढे बळ पाहतात. कडेपासून २ मिलिमीटर आत टाका घालून, भिंत फाटेपर्यंत तो ओढतात. नळीत द्रव भरून ती फुटेपर्यंत दाब चढवतात. पायातली शीर सरासरी १,६०० मिमी पाऱ्याच्या आसपास फुटते. रक्ताच्या संपर्कात ५ टक्क्यांहून अधिक तांबड्या पेशी फुटल्या, तर तो पदार्थ रक्तासाठी घातक ठरतो.

या चाचण्यांत बळाचा भाग तुलनेने सोपा. अस्तर धरते की नाही, जोडावर भिंत जाड होऊन वाट बुजते का, ग्लुटाराल्डिहाइडने पक्क्या केलेल्या ऊतीत कॅल्शियम साचते का, हे प्राण्यांत अनेक महिने ठेवल्यावरच कळते. मानवी पेशींनी विणलेल्या आणि नंतर पेशीमुक्त केलेल्या 'सिमव्हेस' या ग्राफ्टला अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली, तीही हातापायांच्या धमन्यांना झालेल्या गंभीर जखमांपुरती.