दप्तरे आणि तबकड्या

सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांचा इतिहास जितका राजांचा आणि लढायांचा आहे, तितकाच तो संग्राहकांचाही आहे. वाईस सापडलेल्या कागदांवरून राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १७५० पासून पानिपतापर्यंतचा काळ मूळ पत्रांच्या भाषेत बोलू लागला. मिरजेस शिक्षकाचा पेशा सांभाळून वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी पटवर्धनी दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनी जन्मभर जमविलेल्या कागदांसाठी आणि चित्रांसाठी १९२५ साली संग्रहालय उभे राहिले. पुढे १९३९ साली तो ठेवा पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधून रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत नाना वस्तू एका छपराखाली आणल्या. ह्या सर्वांच्या अंगी एक गुण समान होता. घरच्या माणसांस जी वस्तू अडगळ वाटते, तिच्यात उद्याचे साधन पाहण्याची दृष्टी त्यांना होती.

ही थोर नावे आम्ही आज घेतो ती एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूसाठी. आपल्या घरोघरी दूरचित्रवाणीखालच्या खणात, जुन्या पेटाऱ्यात किंवा माळ्यावर चित्रपटांच्या चकचकीत तबकड्या पडून आहेत. त्यांचे यंत्र बिघडले, दुरुस्त करणारा मिळेना, आणि आता घराच्या साफसफाईत त्या भंगारवाल्याकडे जाऊ लागल्या आहेत. आमचे म्हणणे असे, की ह्या तबकड्या म्हणजे आपल्या पिढीचे दप्तर होय आणि ते टाकण्यापूर्वी एकवार उघडून पाहिले पाहिजे.

तबकडीचे आयुष्य फार थोडे. व्हीसीडीचे प्रमाण १९९३ साली ठरले. डीव्हीडी १९९६ साली प्रथम जपानच्या बाजारात आली. आपल्याकडे त्याआधी फितीच्या कॅसेटी होत्या, त्यांची जागा ह्या तबकड्यांनी पाहता पाहता घेतली. तरीही किंमत अशी होती, की सामान्य गृहस्थाने एखादा चित्रपट भाड्याने आणावा, विकत घेऊ नये. २००७ च्या सुमारास मोझर बेअर ह्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली, तेव्हा कोठे चित्रपट ही पुस्तकासारखी घरात ठेवण्याची वस्तू झाली. जो चित्रपट वडिलांनी यात्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून पाहिला, तो मुलाने कपाटात ठेवला. हा पालट लहान नव्हे. पण पुढच्या दहा वर्षांत लोक चित्रपट इंटरनेटवर पाहू लागले आणि २०१८ साली ती कंपनीच दिवाळखोरीत निघून तिच्या विसर्जनाचा हुकूम झाला. एका तपात उगवून मावळलेला हा व्यवहार होय; म्हणूनच त्याची नोंद ठेवण्याची कोणास आठवण राहिलेली नाही.

कोणी म्हणेल, की चित्रपट सांभाळणे हे सरकारचे काम, गृहस्थाने त्याची काळजी का वाहावी? ह्याचे उत्तर हानीच्या इतिहासात आहे. भारतात मूकपटांच्या काळात सुमारे १३०० चित्रपट निघाले. त्यांपैकी आज पूर्ण अथवा तुटक स्वरूपात तीससुद्धा उरलेले नाहीत. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची जी रिळे शिल्लक आहेत ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बाबुराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ गेला, तो कायमचाच. १९४८ च्या जाळपोळीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ पेटला आणि भालजी पेंढारकरांस ‘मीठभाकर’ पुन्हा चित्रित करावा लागला. जुनी नायट्रेटची फीत मुळातच ज्वालाग्राही; आणि जी आगीतून वाचली तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी तीच विकली गेली, अशीही उदाहरणे आहेत. जुनी दप्तरे वाण्याच्या पुड्यांत गेली, त्यातलाच हा प्रकार.

पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे फाळक्यांनंतर अर्धशतकाने. तेथे पी. के. नायर ह्यांनी वाचविले ते राजवाड्यांच्याच जातीच्या तळमळीने. तरीही २००३ च्या जानेवारीत, प्रभातच्या जुन्या आवारातील फिल्मसाठ्यास आग लागून नायट्रेटची कित्येक रिळे भस्म झाली. सरकारी कोठारासही अग्नी सोडीत नाही, हा त्या दुर्घटनेचा बोध होय. वस्तू एकाच जागी असली की तिचा नाशही एकाच दिवशी होऊ शकतो. आपल्या पूर्वजांनी पोथ्यांच्या नकला गावोगाव करून ठेवल्या. एक मठ बुडाला तरी दुसऱ्या घरी पोथी निघे. तबकडीने नकळत तेच केले. चित्रपटाची नकल हजारो घरांत पसरविली.

आता ह्या नकलांत आपल्या मुलखाचे काय आहे ते पाहू. विष्णुदास भाव्यांनी सांगलीस १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले. तो प्रयोग कसा दिसला असेल हे आता कोणासही सांगता यावयाचे नाही. बालगंधर्वांची रंगभूमीवरील सत्तासुद्धा आठवणींतून आणि ध्वनिमुद्रिकांतूनच आपल्यापर्यंत पोचते. परंतु १९३५ च्या ‘धर्मात्मा’ ह्या प्रभातच्या बोलपटात ते एकनाथांच्या भूमिकेत दिसतात. स्त्रीभूमिकांचा हा राजा पुरुषवेशात कसा चालतो, कसा वळून पाहतो, हे पाहण्यास पडद्यावाचून अन्य साधन नाही. दीनानाथ मंगेशकरांनी नाटकाचा संसार सावरीत सांगलीस बलवंत पिक्चर्सचा खटाटोप केला आणि १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढले, तो प्रयत्नही रंगभूमीने पडद्याकडे टाकलेले धाडसी पाऊल होता. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी ‘छाया’ आणि ‘ज्वाला’ ह्या बोलपटांच्या कथा लिहिल्या. कादंबरीकार खांडेकर ज्यांनी वाचले आहेत, त्यांस चित्रकथाकार खांडेकर ठाऊक नसणे ही अर्धीच ओळख होय.

ह्या सर्वांहून आम्हांस महत्त्वाचे उदाहरण वाटते ते ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या व्ही. शांताराम ह्यांच्या १९५७ च्या चित्रपटाचे. सहा जन्मठेपेच्या कैद्यांस घेऊन उजाड माळावर शेती पिकविणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ती कथा. त्या वर्षीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक तिला मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवातही ती गौरविली गेली. ही भाषेने हिंदी कथा बीजाने मात्र आपल्या माणदेशची. औंध संस्थानचा आटपाडी महाल आज सांगली जिल्ह्यात आहे. पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश गांधीभक्ताने तेथे १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर ही भिंतीवाचूनच्या तुरुंगाची वसाहत उभी केली. कैद्यांनी शेत कसावे, कुटुंबासह राहावे आणि विश्वासानेच बांधले जावे, ही त्या वसाहतीची कल्पना. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मातीतले. त्यांचे माडगूळ गाव त्याच मुलखात आणि काही शिक्षण औंधास झालेले. औंधच्या राज्यकारभाराची कागदपत्रे इतिहासकार तपासतील. पण त्या प्रयोगामागील श्रद्धा एका संपूर्ण देशाने पाहिली ती ह्या चित्रपटात. तो चित्रपट कपाटात असणे म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचे एक पान कपाटात असणे होय.

मात्र साधन म्हटले की साधनाची पारखही आली. तबकडी ही नकल आहे आणि नकलनवीस चुकतो. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे एक लाख ठिपक्यांचे. डीव्हीडीचे सुमारे चार लाखांचे. मूळ फितीतील बारकावा ह्या दोहोंपेक्षा कितीतरी अधिक. व्हीसीडीत ७४ मिनिटेच मावत, म्हणून चित्रपटाचे दोन-तीन तुकडे होत. आणखी एक दोष कानाचा आहे. चित्रपट सेकंदास २४ चित्रांच्या गतीने घेतलेला. आपल्याकडील दूरचित्रवाणीची पद्धत २५ चित्रांची. पुष्कळ तबकड्यांत हा फरक गती वाढवून मिटविला आहे. त्यामुळे सव्वादोन तासांचा चित्रपट पाचेक मिनिटे आधी संपतो आणि गायकाचा सूर अर्ध्या स्वराहून किंचित कमी इतका चढतो. अशा तबकडीवर जुन्या गायकाची पट्टी ठरवू पाहणारा संगीतज्ञ फसेल. राजवाड्यांनी कागदाची शाई, शिक्का आणि मिती पाहिली. आपण तबकडीची गती पाहिली पाहिजे.

शेवटचा आक्षेप असा, की हे सारे आता इंटरनेटवर मिळते. मिळते, पण ते देणाऱ्याच्या मर्जीने मिळते. आज दिसलेला चित्रपट उद्या तेथून नाहीसा होतो आणि त्याचे कारण कोणी सांगत नाही. स्वतःच्या कपाटातील प्रत कोणी परस्पर नेत नाही. तथापि तीही अमर नव्हे. छापील तबकडीचा ॲल्युमिनियमचा थर ओलाव्याने गंजतो. घरी नोंदविलेल्या तबकडीतील रंगद्रव्य तर त्याहून लवकर फिके पडते. सातारचा पाऊस आणि कृष्णाकाठची दमट हवा त्यांस अनुकूल नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. घरातील तबकड्यांची यादी करावी: चित्रपटाचे नाव, वर्ष, प्रकाशक, तुकडे किती आणि स्थिती कशी. वेष्टने टाकू नयेत, कारण त्यांवरील मजकूर हाही पुरावाच आहे. तबकड्या उभ्या, सुक्या आणि अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, त्यामुळे १९३०–४० च्या दशकांतील बोलपट चित्रपट म्हणून मोकळे झाले आहेत. त्यांतील कथा आणि गीते ह्यांचे हक्क निराळे असतात, एवढे ध्यानी धरून त्यांच्या नव्या नकला करण्याचा विचार करता येईल. आणि गावोगावच्या वाचनालयांनी, ज्यांच्या कपाटांत जुन्या मासिकांचे बांधीव अंक आहेत, त्याच कपाटांत एक खण ह्या याद्यांसाठी राखावा.

राजवाडे आणि खरे ह्यांच्यापुढे कागद आले ते कोणीतरी आधी फेकून न दिल्यामुळे. त्या अज्ञात घरधन्याचे नाव कोणत्याही खंडात नाही, पण खंड निघाले ते त्याच्यामुळेच. आपल्या पिढीस तेवढे श्रेय मिळाले तरी पुष्कळ झाले.