सुरतेहून आणलेला मासा खात नाही? आधी त्याला सावरू द्या

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा भागातल्या नातेवाईकांकडे सुट्टीत गेलेली आपल्याकडची मुलं पालच्या मत्स्यालयात एक चक्कर मारतातच. सुरत महापालिकेचं हे जगदीशचंद्र बोस मत्स्यालय २०१४ मध्ये सुरू झालं. ते बघून आलं की घरात फिशटँकचा हट्ट सुरू होतो आणि परतीच्या गाडीत कुणाच्या तरी मांडीवर माशांची पिशवी असते. ताप्ती लाईनने ती नवापूर, नंदुरबारपर्यंत येते. दुसऱ्या दिवशी तक्रार ठरलेली : मासा कोपऱ्यात बसलाय, काही खातच नाही. मग काळजीपोटी घरातला प्रत्येक जण चिमूट चिमूट दाणे टाकतो आणि तीन-चार दिवसांत मासा उताणा होतो.

असा मासा बहुतेक वेळा भुकेने मरत नाही, न खाल्लेल्या दाण्यांनी मरतो. तळाशी पडलेलं खाद्य सडतं आणि पाण्यात अमोनिया तयार होतो. जुन्या टाकीत फिल्टरमध्ये वाढलेले जिवाणू तो पचवतात. नव्या टाकीत हे जिवाणू जमायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. पाणी वरून काचेसारखं स्वच्छ दिसतं, त्यामुळे फसगत होते. मोठा, निरोगी मासा चार-पाच दिवस न खाता सहज काढतो. अपवाद पिल्लांचा, त्यांना दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं लागतंच.

पिशवीचं गणितही समजून घ्यायला हवं. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे त्यातला अमोनिया कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की हा वायू निघून जातो आणि तोच अमोनिया जास्त विषारी बनतो. म्हणून तीन-चार तास प्रवास करून आलेली पिशवी घरी आल्याबरोबर उघडून ठेवू नये. आधी बंद पिशवीच १५-२० मिनिटं टाकीत तरंगू द्यायची, म्हणजे तापमान सारखं होतं. मग उघडून टाकीतलं पाणी कपाकपाने त्यात मिसळायचं आणि अर्ध्या तासाच्या आत मासा जाळीने उचलून टाकीत सोडायचा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, ते मोरीत जाऊ द्या. टाकीत नळाचं पाणी भरणार असाल तर ते आदल्या दिवशी बादलीत भरून हवा चालू ठेवावी किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन वापरावं. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजतं.

पहिला दिवस टाकीचा दिवा बंद. खायला काही नाही. काचेवर टिचक्या मारणं तर मुळीच नाही. पाहुणे आले की हा प्रकार हमखास होतो. टाकीच्या मागच्या काचेला काळा किंवा निळा कागद लावला तरी मासा बराच शांत होतो. लपायला जागा मात्र हवीच. फुटक्या कुंडीचा तुकडा, नीट उकळून घेतलेली नारळाची करवंटी, दाट पाणवनस्पती, काहीही चालतं. गंमत अशी, की लपायला जागा असेल तर मासा लवकर बाहेर येतो.

निऑन टेट्रासारखे कळपाने राहणारे मासे दोनच आणले तर ते बिचकूनच राहणार. सहा-आठ एकत्र असले की त्यांना धीर येतो. टाकीत आधीपासून दादागिरी करणारा मासा असेल तर नवीन सोडताना दगड, कुंड्यांची जागा बदलावी. जुन्याचा इलाका मोडतो, नव्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

खाद्याची चौकशी दुकानातच करावी. तिथे काय घालतात ते विचारावं आणि पैसे द्यायच्या आधी मासा आपल्यासमोर खाऊन दाखवायला सांगावं. यात लाजायचं कारण नाही. घरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच खाद्य अगदी थोडं, दोन मिनिटांत संपेल एवढंच. उरलं तर नळीने ओढून काढायचं. सुके दाणे घेतच नसेल तर गोठवलेल्या लाल अळ्या किंवा आर्टेमियाची पिल्लं द्यावीत, हलणारं खाद्य बघून बुजरा मासाही पुढे येतो. जिवंत ट्यूबिफेक्स घाणेरड्या गाळात वाढतात, तेव्हा ते वारंवार धुतल्याशिवाय टाकू नयेत. गोल्डफिशला उकडून साल काढलेला मटार आवडतो. कोरिडोरास, लोच हे तळाशी फिरणारे मासे दिवा बंद झाल्यावर जास्त मोकळे होतात. त्यांना दिवसा उपाशी समजून जास्त घालणारे बरेच असतात.

काळजी कधी करायची? अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, सतत मिटलेले पंख, दगडाला अंग घासणं दिसलं तर तो लाजाळूपणा नाही, आजार आहे. सगळेच मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू कमी पडतोय किंवा पाणी बिघडलंय. खान्देशातल्या उन्हाळ्यात हे जास्त होतं, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि वरून लाईट गेली की पंप बंद. अशा वेळी खाद्य थांबवून पाव टाकी पाणी बदलावं. नवीन पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं.

मासा दाणा तोंडात घेऊन लगेच थुंकत असेल तर निराश होऊ नका, चव घ्यायला त्याने सुरुवात केली आहे. दाणा मोठा वाटत असेल तर बोटांत कुस्करून, दोन थेंब पाण्यात भिजवून द्या.